जुनी गाडी वारंवार बंद पडते तेव्हा...

घाट चढताना गाडीने दोन-तीन आचके द्यावेत, इंजिन बंद पडावे, दहा मिनिटांनी ते पुन्हा सुरू व्हावे आणि थोडे अंतर गेल्यावर तोच प्रकार घडावा, हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या परिचयाचा अनुभव आहे. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर किंवा सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० या गाड्यांत पेट्रोलचा पुरवठा यांत्रिक पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यावर अवलंबून असतो. मारुती ८०० आणि अ‍ॅम्बॅसॅडर या दोन्हींचे उत्पादन २०१४मध्ये थांबले. कार्ब्युरेटर जाणणारे मेकॅनिकही आता कमी होत चालले आहेत. परिणामी प्लग बदलले जातात, कार्ब्युरेटर खोलला जातो, खर्च होतो आणि दोष मात्र कायम राहतो. त्यामुळे दोष शोधण्याचा क्रम मालकालाही ठाऊक असणे हिताचे ठरते.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ज्या गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टरची जोड असते, त्यांत इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदा ब्रेक दाबताच ही मदत संपते आणि पेडल जड होते. घाटाच्या उतारावर हे जिवावर बेतू शकते.

पेट्रोल की स्पार्क?

इंजिन एखादा दिवा मालवावा तसे क्षणात बंद पडत असेल, तर दोष बहुधा विद्युत यंत्रणेत, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट किंवा वायरिंगमध्ये असतो. याउलट गाडी आधी आचके देत असेल, ओढ कमी होऊन मग बंद पडत असेल, तर संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर घ्यावा. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. गाडी बंद पडताच इंजिन बंद असतानाच एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने ओढावी. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे; तपास स्पार्ककडे वळवावा. धार आलीच नाही, तर पेट्रोल तेथपर्यंत पोहोचत नाही, असे प्रथमदर्शनी समजावे.

टाकीपासून सुरुवात

टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. टाकीच्या झाकणातील किंवा टाकीच्या नळीतील हवेचे छिद्र बुजले, तर आत निर्वात निर्माण होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडल्यावर हवा आत शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरळीत चालली, तर दोष सापडला.

जुन्या टाकीत गंज आणि गाळ साचतो. वेग वाढला की तो तळाच्या जाळीवर ओढला जातो. गाडी थांबली की खाली बसतो. थोड्या विश्रांतीनंतर गाडी सुरू होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नवा फिल्टर काही दिवसांतच तांबूस झाला, तर टाकी काढून धुणे अपरिहार्य असते.

टाकी ते पंप या भागातील रबरी नळीची भेग फसवी असते. या भागात पंप पेट्रोल ओढत असल्यामुळे भेगेतून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत शिरते. पारदर्शक फिल्टरमध्ये सतत बुडबुडे दिसले, तर नळ्या आणि क्लिपा तपासाव्यात.

पंपाची परीक्षा

इंजिन थंड असताना कॉइलला वीज पुरविणारी वायर काढावी, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक डब्यात धरावे आणि स्टार्टर काही सेकंद फिरवावा. पेट्रोल ठोके देत जोरात यायला हवे. धार क्षीण असेल, तर पंपाच्या ओढ-बाजूची नळी स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या डब्यात सोडून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. आता धार सुधारली, तर दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. तरीही ती क्षीणच राहिली, तर पंपाचा डायफ्राम किंवा झडपा निकामी झाल्या आहेत. डायफ्राम फाटल्यास पेट्रोल ऑइलमध्येही उतरू शकते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढली असेल, तर इंजिन चालवू नये.

केवळ उन्हाळ्यात, तेही चढावर किंवा वाहतूक कोंडीत गाडी बंद पडत असेल, तर नळीतच पेट्रोलची वाफ होत असल्याची शक्यता असते. पंपावर ओले फडके ठेवताच गाडी सुरू झाली, तर या संशयाला बळ मिळते. मात्र हा तात्पुरता उपाय आहे. सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेलेली नळी दूर नेणे आणि इंजिन जास्त तापण्याचे कारण शोधणे, हा खरा इलाज.

कार्ब्युरेटर शेवटी

पंपाची धार उत्तम असूनही कार्ब्युरेटर कोरडा राहत असेल, तर त्याच्या तोंडाशी असलेली जाळी किंवा फ्लोटची सुई अडकलेली असते. सुई उघडीच राहिली, तर उलट पेट्रोल ओसंडते, काळा धूर येतो. गाडी फक्त आयडलिंगला बंद पडत असेल, तर आयडल जेटमधील कचरा किंवा गॅस्केटमधून शिरणारी हवा तपासावी. जेट हवेच्या दाबाने साफ करावेत. तार घातल्यास छिद्र मोठे होते.

इथेनॉलचा मुद्दा

देशात २०२५मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषते, टाकीतील जुना साका सोडवते आणि त्यासाठी न बनविलेले रबर खराब करते. त्यामुळे जुन्या गाडीतील नळ्या, डायफ्राम आणि गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचे बसविणे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी न ठेवणे श्रेयस्कर.

ही सर्व कामे मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट व ठिणगीपासून दूर आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करावीत. पेट्रोल तोंडाने ओढण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. ते फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतू शकते. एका वेळी एकच भाग तपासावा आणि एकच बदलावा. तसे केले तरच नेमका दोष कोठे होता, हे कळते.