मुंबई ते पोर्ट ब्लेअर: विमानाने अंतर किती, वेळ किती? नागपूरकरांनी कुठून जावे?

मुंबई आणि पोर्ट ब्लेअर ही दोन्ही बेटांवरची शहरे. मुंबई अरबी समुद्राच्या बाजूला, तर पोर्ट ब्लेअर बंगालच्या उपसागरात, दक्षिण अंदमान बेटावर. दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे २,२८० किलोमीटर आहे. न थांबता जाणाऱ्या विमानाला साधारण सव्वातीन ते साडेतीन तास लागतात.

अंतराला वेगाने भागले तर उत्तर कमी का येते?

प्रवासी जेट विमान उंचावर ताशी ८०० किमीच्या आसपास वेगाने जाते. या हिशेबाने तीन तासांच्या आतच पोहोचायला हवे. पण तिकिटावर लिहिलेला वेळ हा विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली येणे आणि उतरण्यासाठी वाट पाहणे यात अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून सोपा नियम असा: किलोमीटरला ८०० ने भागा आणि त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा.

नागपूरहून कोणता मार्ग जवळचा?

नागपूर ते पोर्ट ब्लेअर सरळ रेषेत सुमारे १,८०० किमी आहे. मात्र साधारणपणे वाटेत विमान बदलावे लागते. अंदाजे अंतरे अशी:

- चेन्नईमार्गे: ९१० + १,३७० = २,२८० किमी
- कोलकातामार्गे: ९८५ + १,३०५ = २,२९० किमी
- मुंबईमार्गे: ६८० + २,२८० = २,९६० किमी

म्हणजे चेन्नई किंवा कोलकातामार्गे नागपूरकराला जवळपास मुंबईकराच्या थेट प्रवासाइतकेच अंतर पडते. मुंबईमार्गे गेल्यास आधी पश्चिमेला जाऊन तेवढेच पुन्हा पूर्वेला यावे लागते. तिकीट थोडे स्वस्त दिसले तरी हा वळसा लक्षात घ्या.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

पोर्ट ब्लेअरलाही भारतीय प्रमाणवेळच चालते. पण ते मुंबईच्या सुमारे २० अंश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरली, तर तिथला सूर्य सुमारे ८० मिनिटे पुढे असतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाणाऱ्या बोटी दिवसाउजेडीच सुटतात. दुपारी उशिरा उतरलात तर ती रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी लागेल, असे धरूनच हॉटेल बुक करा.

तिकीट काढताना

- शक्यतो दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर पुढची सोय करणे विमान कंपनीकडे येते.
- दोन वेगळी तिकिटे असतील तर दुसरे विमान चुकल्याचा भुर्दंड सहसा आपल्यालाच बसतो. सामानही बाहेर काढून पुन्हा द्यावे लागते आणि चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो. त्यामुळे मध्ये किमान तीन तास ठेवा.
- सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्याचे जाहीर झाले. तिकीट शोधताना एका नावाने सापडले नाही तर दुसरे टाका. वीर सावरकर विमानतळाचा कोड आयएक्सझेड आहे.