गवंड्याच्या मुलाचे घर

लंडनच्या वकिली वस्तीला लागून लिंकन्स इन फील्ड्स नावाचे एक विस्तीर्ण चौकोनी उद्यान आहे. त्याच्या उत्तरेला विटांच्या उंच, अरुंद घरांची रांग आहे आणि त्या रांगेत क्रमांक १२, १३ व १४ ही तीन घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. मधल्या घराचा पांढऱ्या पोर्टलंड दगडाचा दर्शनी भाग रांगेच्या जरा पुढे आला आहे. त्यावरून १८१२ साली तिथल्या सरकारी सर्व्हेयरने मालकावर खटला भरला आणि तो हरला. मालक होता सर जॉन सोन, बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद.

दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधील सधन माणसाचे अभिजात शैलीतले घर आतून कसे होते, हे चित्रांतून आणि पत्रांतून कळते. प्रत्यक्ष पाहायला मात्र अशी घरे फार थोडी उरली आहेत. भिंती राहिल्या तरी आतले रंग, आरसे, फडताळे, पडदे वारसांनी किंवा नव्या फॅशनने केव्हाच बदलून टाकले. सोनचे घर त्याच्या मृत्यूच्या वेळी जसे होते जवळजवळ तसेच आज उभे आहे. त्याचे कारण शोधू लागलो की सजावटीचा इतिहास आणि एका कुटुंबाचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत.

सोनचा जन्म १७५३ मध्ये थेम्सकाठच्या गोरिंग गावी झाला. बाप विटांचे बांधकाम करणारा गवंडी. आडनावाचे स्पेलिंग साधे होते; लग्नाच्या सुमारास पोराने त्याला शेवटी एक ‘ई’ जोडून ते जरा भारदस्त केले. त्याने जॉर्ज डान्स या वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली, रॉयल अकादमीचे सुवर्णपदक मिळवले आणि राजाच्या शिष्यवृत्तीवर १७७८ साली इटली गाठली. तिथले रोमन अवशेष त्याच्या डोळ्यांत जन्मभर राहिले. १७८८ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे काम हाती आले आणि पुढची ४५ वर्षे त्याच्याकडेच राहिले. पत्नी एलायझाच्या श्रीमंत, बांधकाम व्यावसायिक काकांचा वारसा मिळाल्यावर १७९२ मध्ये त्याने १२ क्रमांकाचे घर घेऊन नव्याने बांधले. नंतर १३ आणि शेवटी १८२४ च्या सुमारास १४ क्रमांकही पुन्हा बांधून काढला.

त्याच्या आधीच्या पिढीत लंडनच्या अशा घरांचा बादशहा होता रॉबर्ट ॲडम. सेंट जेम्स स्क्वेअरमधले २० क्रमांकाचे घर त्याने १७७० च्या दशकात सजवले. ग्रीक-रोमन नक्षीचा नाजूक गिलावा, फिके रंग, उमरावांच्या मेजवान्यांसाठी एकामागून एक उलगडत जाणारी दालने अशी त्याची तऱ्हा होती. त्या घरांचे मालक पिढीजात सरदार होते. सोन स्वतःच मालक, स्वतःच मिस्त्री, आणि वैभव दाखवायचे तर तेही स्वतःच कमावलेले.

शहरातल्या या घरांची मुख्य अडचण उजेडाची. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, खिडक्या फक्त पुढे आणि मागे, त्यामुळे मधला भाग अंधारा. आपल्या वाड्यांनी हा प्रश्न चौकाने सोडवला. सोनने घरात काही छोटी अंगणे ठेवलीच, पण त्याचा खरा भर छतावर होता. त्याने ठिकठिकाणी छत फोडून काचेची धाबी बसवली आणि काही काचा मुद्दाम पिवळ्या लावल्या. लंडनच्या करड्या आभाळातून येणारा उजेड या काचांतून गाळून आला की इटलीच्या उन्हासारखा सोनेरी होतो. न्याहारीच्या खोलीत त्याने चार कमानींवर उथळ घुमट असा टेकवला आहे की तो तंबूच्या कापडासारखा ताणलेला वाटावा. घुमटाची कड भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. दोन बाजूंना मधली फट उघडी आहे आणि वरच्या काचेतून येणारा उजेड तिथून भिंतीवर उतरतो. डोक्यावर छत आणि भिंतीवर आकाशाचा उजेड, असा अनुभव त्या लहानशा खोलीत येतो. घुमटाच्या कोपऱ्यांत बहिर्गोल आरसे आहेत. त्यांत पाहिले की संपूर्ण खोली वाटीएवढी होऊन दिसते.

दर्शनी जेवणघर आणि ग्रंथालय गडद लाल आहे, पॉम्पेईच्या भिंतींसारखे. पुस्तकांच्या कपाटांवर आरसे बसवल्याने छत त्यांच्या पलीकडेही पसरल्याचा भास होतो. प्रवेशदालनाच्या भिंती पाहणाऱ्याला मौल्यवान पॉर्फिरी दगडाच्या वाटतात. प्रत्यक्षात ती गिलाव्यावरची रंगाऱ्याची करामत आहे. मागच्या भागात भिंतभर मूर्ती, शिल्पखंड, कलश लटकवलेले आहेत, आणि त्यांत अस्सल संगमरवराच्या शेजारी प्लास्टरचे ठसे बिनदिक्कत बसले आहेत. या घराचा थाट महागड्या मालावर कमी आणि उजेड, आरसा व मापे यांच्या हिशोबावर जास्त उभा आहे. हे सुचायला गवंडीकाम जवळून पाहिलेला माणूसच हवा.

हा हिशोब सर्वांत स्पष्ट दिसतो तो चित्रदालनात. खोली जेमतेम साडेतेरा फूट लांब आणि बारा फूट रुंद. पण भिंती फडताळाच्या दारांसारख्या बिजागरीवर उघडतात आणि चित्रे दारांच्या दोन्ही अंगांना टांगलेली आहेत. एका बाजूची दारे उघडली की मागे खालपर्यंत पोकळी आणि समोर एका अप्सरेची मूर्ती. ४५ फूट लांब नि २० फूट रुंद दालनात मावतील एवढी चित्रे इथे मावतात, असे सोनने अभिमानाने नोंदवले आहे.

याच दारांवर विल्यम होगार्थची ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची मालिका आहे. कंजूष बापाच्या मृत्यूनंतर हाती आलेला पैसा एक तरुण चैनीत, जुगारात उधळतो, कर्जापायी तुरुंगात जातो आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो, अशी ती कथा. ही चित्रे १८०२ मध्ये एलायझानेच लिलावात घेतली. तेव्हा जॉन आणि धाकटा जॉर्ज ही त्यांची मुले शाळकरी वयाची होती.

सोनच्या मनात वास्तुविशारदांचे घराणे उभे करायचे होते. त्यासाठी ईलिंगला पिट्झहँगर हे घरही त्याने बांधले होते; मुलांनी त्यात रस दाखवला नाही आणि १८१० मध्ये ते विकावे लागले. जॉर्ज कर्जापायी तुरुंगात गेला. १८१५ च्या सप्टेंबरात ‘चॅम्पियन’ या नियतकालिकात सोनच्या कामाची आणि या घराची निनावी टवाळी करणारे लेख आले. लेखक जॉर्ज असल्याचे आधीच आजारी असलेल्या एलायझाला कळले. २२ नोव्हेंबरला ती वारली. सोनने ते लेख चौकटीत बसवले आणि ‘जॉर्जने दिलेले प्राणघातक घाव’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहून ते घरात लावले. १८२३ मध्ये थोरला जॉनही क्षयाने गेला.

यानंतरची सजावट या दृष्टीने पाहावी लागते. १८२४ मध्ये ब्रिटिश म्युझियमने नाकारलेली इजिप्तच्या पहिल्या सेती राजाची अलाबास्टरची शवपेटी त्याने २,००० पौंडांना घेतली आणि तळघरात ठेवली. पुढल्या वर्षी दिव्यांच्या उजेडात तीन रात्री ती पाहायला लोक आले. त्यांत टर्नर आणि कोलरिज होते. तळघरातच त्याने एका काल्पनिक जोगी पाद्र्याची कोठी रचली आणि बाहेर अंगणात एलायझाच्या लाडक्या कुत्रीची समाधी बांधली. घर हळूहळू स्मारक होत गेले.

१८३३ मध्ये त्याने संसदेकडून खास कायदाच करवून घेतला. घर आणि संग्रह त्याच्या मृत्यूनंतर विश्वस्तांकडे जावा, लोकांना पाहायला मोफत मिळावा आणि शक्य तितका त्याने ठेवला तसाच राहावा, अशी त्यातली अट. जॉर्जने विरोध केला आणि विल्यम कॉबेटने संसदेत त्याची बाजू मांडली. पण कायदा झाला. २० जानेवारी १८३७ ला सोन वारला आणि कायदा लागू झाला.

आपल्याकडे भाऊबंदकीत चौकाला भिंत घालून वाडे वाटले गेल्याचे घरोघरी ऐकायला मिळते. इथे बापानेच मुलाला वाटणीतून वगळले आणि त्यामुळे घर वाचले. मुलाच्या बाजूनेही विचार करता येतो. ज्या घरात प्रत्येक भिंत बापाची कीर्ती सांगते तिथे वारसाला जागा कुठे असते? चौकटीतल्या त्या लेखांकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

सोनची बँक ऑफ इंग्लंड मात्र अशा कायद्याच्या कवचाबाहेर होती. १९२५ पासून हर्बर्ट बेकरने, ज्याने दिल्लीच्या रायसीना टेकडीवर सचिवालयाच्या इमारती उभारल्या त्याच बेकरने, आतली दालने पाडून नवी इमारत बांधली. सोनची बहुतेक बाहेरची भिंत तेवढी उरली. ४५ वर्षांचे काम गेले आणि घर राहिले. एलायझासाठी बांधलेल्या आणि पुढे त्याचीही झालेल्या समाधीवरचा उथळ घुमट पाहून, त्याच संग्रहालयाचे विश्वस्त असलेल्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनचे लाल टेलिफोन बूथ रचले, असे मानले जाते. घराण्याच्या नावाची स्वप्ने पाहणाऱ्या गवंड्याच्या मुलाचा वारसा मुलांकडून पुढे गेला नाही; तो एका कायद्यातून, एका घरातून आणि रस्त्यावरच्या एका लाल पेटीतून गेला.