मुरमांचं मलम आणि होम्सबर्गचा तुरुंग

मुरमांवर व्याख्यान म्हटल्यावर काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. तारुण्यपिटिका तारुण्यासोबत येतात आणि जातात, त्यात इतिहास कसला? पण लालसर, ठणकणारे मुरूम खोल व्रण ठेवून जातात, आणि फार काळ त्यांवर गंधक, सॅलिसिलिक अॅसिड अशी वरवर त्वचा सोलणारी औषधंच होती. ट्रेटिनॉइनने, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून आलेल्या आम्लाने, हे चित्र पालटलं. मृत पेशींचा बोळा त्वचेच्या रंध्रात बसतो आणि तिथून मुरूम सुरू होतो. हे मलम तो बोळाच धरू देत नाही. पहिले काही आठवडे चेहरा लाल होतो, सोलवटतो, मग गुण दिसतो. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध १९६९चा, अमेरिकेत परवानगी १९७१ची.

आता याच क्लिगमनांची दुसरी बाजू पाहू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे हे त्वचारोगतज्ज्ञ १९५१पासून फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात प्रयोग करत होते. या मलमाची पाळंमुळंही तिथवर जातात. कैदी बरेचसे कृष्णवर्णीय. कित्येकांवर गुन्हा शाबितही झाला नव्हता, जामिनाला पैसे नव्हते एवढंच! डाऊ केमिकल कंपनीसाठी त्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन लावलं गेलं, तेही कंपनीने सांगितलेल्या मात्रेच्या कित्येक पट. काहींना मुरमांसारखेच फोड आले. मुरमांचं औषध शोधणारा माणूस मुरूम उठवतही होता, बरं का.

कैद्यांनी सह्या केल्या होत्या, पैसेही घेतले होते, असा बचाव होतो. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तो पटत नाही. काय लावतायत हे ज्याला सांगितलेलं नाही आणि ज्याला कोठडीत चार पैसे मिळवायचा याहून बरा मार्ग नाही, त्याच्या सहीला संमती कसं म्हणायचं? माणसाला निव्वळ साधन करू नका, हे कांटचं म्हणणं आपण वर्गात घोकतो. इथे ते अक्षरशः कातडीवर आलं. आणि ही काही अडाणी काळातली गोष्ट नव्हे. स्वेच्छेची संमती हवीच, असं न्यूरेंबर्ग संहितेने १९४७मध्येच सांगितलं होतं.

प्रयोग १९७४मध्ये थांबले. २००० साली सुमारे ३०० माजी कैदी न्यायालयात गेले. मुदत टळली म्हणून दावा फेटाळला गेला. क्लिगमन २०१०मध्ये वारले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१मध्ये माफी मागितली, शहराने २०२२मध्ये. मलमाची ट्यूब आजही आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते, आणि ती वापरू नका असं आम्ही म्हणणार नाही. विद्यापीठात क्लिगमनांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान व्हायचं, ते मात्र २०२१मध्ये बंद झालं.