वर्ध्याच्या उन्हात कुंपणाला कोणतं झुडूप लावावं?

नर्सरीत जाऊन "कुंपणासाठी काहीतरी द्या" म्हटलं की हमखास पिवळ्या पानांचा ड्युरांटा हातात पडतो. दिसतो छान, वाढतोही झपाट्यानं. पण वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच पाण्याची ओढाताण असते. ड्युरांटाला पाणीही हवं आणि कात्रीही सारखी. शिवाय त्याची नारिंगी फळं विषारी असतात, त्यामुळे लहान मुलांच्या घरात तो नकोच.

कमी पाण्यावर बारा महिने हिरवी राहते ती कण्हेर. पण तिचा प्रत्येक भाग विषारी, वाळलेली पानंसुद्धा. छाटलेल्या फांद्या गवतात पडल्या आणि गाई-शेळ्यांनी खाल्ल्या तर जनावर दगावू शकतं. घरी गुरं असतील किंवा गल्लीत मोकाट फिरत असतील तर कण्हेर टाळाच.

मग उरतो आपला अडुळसा. खोकल्याच्या काढ्यामुळे सगळ्यांना माहीत, पण कुंपणासाठी फारसा कुणाला आठवत नाही! सदाहरित, पानं कडू असल्यामुळे शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि रोपं विकत घ्यायलाही नकोत. पावसाळ्यात पेराएवढी जाड फांदी खोचली की फुटते.

काटेरी कुंपण हवं असेल तर करवंद लावा. वाढ सावकाश, पण एकदा दाटलं की कुत्रंही आत शिरत नाही, वर लोणच्याला करवंदं मिळतात. मेंदीही काटक आहे, मात्र फारच कोरड पडली तर पानं गाळते.

खरी परीक्षा काळ्या मातीची. पावसाळ्यात ती पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. म्हणून दीड फूट खोल चर खणून शेणखत मिसळा, माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा आणि जून-जुलैत, पहिल्या चांगल्या पावसानंतर, एक-दीड फुटावर दोन आडव्या-तिडव्या ओळींत लागवड करा. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर कुंपण खालून मोकळं राहतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळा किंवा पऱ्हाटीचे तुकडे पसरा. एप्रिल-मेमध्ये मात्र छाटणी करू नका, कोवळी पालवी उन्हात करपते.