वातीपासून गाळणीपर्यंत

झाशी म्हटले की मराठी मनासमोर राणीचा किल्ला उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु १८५७ च्या धुमाळीनंतर जी झाशी पुन्हा वसली, ती मुख्यतः आगगाडीची झाशी होय. इंडियन मिडलँड रेल्वेने येथे रूळ आणले, १८९५ मध्ये कारखाना उभा राहिला, आणि पुढे जी. आय. पी. रेल्वेच्या हाताखाली हे गाव दिल्ली व मुंबई यांच्या वाटेवरील मोठे ठाणे बनले. १९५१ पासून २००३ पर्यंत मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्यालयातूनच त्याचा कारभार चालला. या गावाचा खरा इतिहास लिहायचा, तर तो तेलाच्या डब्यापासून आरंभावा लागेल.

वाफेच्या इंजिनाला तेल लागे ते उघड्या डोळ्यांना दिसणारे. इंजिन सुटण्यापूर्वी ड्रायव्हर लांब नळीचा कॅन घेऊन यंत्राभोवती फेरी घाली. तेलाच्या वाटीत लोकरी सुताची वात असे. समईतील वातीप्रमाणे ती तेल शोषून थेंबाथेंबाने सांध्यावर सोडी, आणि वाटीतला गाळ बराचसा वाटीतच राही. पुरवठा आणि गाळणी ही दोन्ही कामे त्या चिमूटभर लोकरीने केली. मालडब्यांच्या आसांच्या पेटीतही तेलात भिजविलेले सूत कोंबलेले असे. ते कोरडे पडले की आस तापे, धूर निघे आणि डबा गाडीतून काढावा लागे. ‘हॉट ॲक्सल’ हा शब्द वाघिणी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नसे.

मग डिझेल आले. अमेरिकेतील ॲल्को कंपनीच्या आराखड्याची डब्ल्यूडीएम-२ इंजिने १९६२ पासून भारतात आली. १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली, आणि कालांतराने झाशीच्या डिझेल शेडमध्येही देखभालीसाठी उभी राहिली. सोळा सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती. एवढी शक्ती निघते ती टर्बोमुळे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. वाया जाणाऱ्या तप्त धुराने चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने सिलिंडरात जादा हवा कोंबावी, एवढेच त्याचे सूत्र. इंजिन मिनिटाला फार तर १००० फेरे घेते. टर्बोचा दांडा मात्र अठरा हजारांच्या घरात जातो. त्याच्या एका टोकाशी शेकडो अंश तापलेला धूर, दुसऱ्या टोकाशी बाहेरची हवा, आणि मधल्या बेअरिंगांत केसापेक्षा पातळ असा तेलाचा थर! त्या थरावर सारा दांडा तरंगत असतो. येथे लोकरीच्या वातीचा काय पाड लागणार?

म्हणून इंजिनाच्या तळाशी असलेले सुमारे ९१० लिटर तेल पंपाने उचलले जाते. कागदी गाळण्यांच्या पिंपातून ते जाते, मग पाण्याने निवविणाऱ्या कूलरमधून, पुढे जाळीतून मुख्य नळीत येते, आणि तेथून एक फाटा टर्बोकडे वळतो. टर्बोला वेगळे तेल नाही. पिस्टनच्या काजळीने काळे झालेले तेलच त्यालाही प्यावे लागते. गाळणीच्या पिंपात एक झडप असते. कागद चोंदून दाब वाढला की ती उघडते आणि न गाळलेले तेल पुढे सोडते. घाणेरडे तेल एक वेळ चालेल, पण तेलाविना क्षणभरही चालणार नाही, असा हा निर्णय आराखडा करणाऱ्याने आधीच घेऊन ठेवला आहे. अर्थात ती झडप वारंवार उघडू लागली, तर दोष आराखड्याचा नव्हे, गाळणी न बदलणाऱ्या शेडचा.

बुंदेलखंडाचा उन्हाळा या व्यवस्थेची कसून परीक्षा पाहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कूलरमधील पाणीच नीट निवत नाही, तेल पातळ होते आणि त्याचा दाब घटतो. त्यातच लालसर धूळ. वातीच्या काळी ती बोटाला लागे. आता ती प्रयोगशाळेतच सापडते. शेडच्या प्रयोगशाळेत तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून त्याचा डाग पाहतात, आणि वर्णपटाच्या यंत्राने त्यातील धातू तपासतात. सिलिकॉन वाढले तर हवेची गाळणी गळते आहे. तांबे, शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे. सोडियम दिसले तर औषधी पाणी तेलात उतरते आहे. वाफेच्या काळच्या फिटरची ख्याती त्याच्या कानावर आणि हातावर असे. नव्या शेडमध्ये त्या मानाचा मोठा वाटा परीक्षानळी हाताळणाऱ्याकडे गेला. जुन्या कारागिरांना ते सहज रुचले असेल असे नाही.

तथापि हात आणि कान अगदीच निवृत्त झाले नाहीत. तेलाचा पंप इंजिनाच्याच जोरावर चालतो. इंजिन थांबले की तोही थांबतो, पण टर्बो पुढे काही काळ फिरतच राहतो. म्हणून भरधाव कामानंतर इंजिन काही वेळ मंद चालवून मगच बंद करावयाचे. आजच्या टर्बो असलेल्या मोटारींच्या चालकांनाही, तापलेल्या बेअरिंगात तेल जळून कोळसा होऊ नये म्हणून, हेच सांगतात. शेडमध्ये इंजिन बंद होताच एकजण घड्याळ धरून टर्बोशी उभा राहतो आणि त्याची घरघर पूर्ण विरेपर्यंत सेकंद मोजतो. ती वेळेआधीच विरली, तर बेअरिंग धरू लागले आहे असे समजून टर्बो खाली उतरविण्याची तयारी होते.