चीजचा हेजहॉग आणि अननसाचा प्रवास

पार्टीच्या टेबलावर चीज आणि फळांपासून बनवलेला प्राणी मांडला की मुले आधी त्याच्याभोवती गोळा होतात. या प्रकारातला सर्वांत गाजलेला प्राणी म्हणजे हेजहॉग. साळिंदरासारखा काटेरी, पण आकाराने बराच लहान. ग्रेपफ्रूटची अर्धी फोड किंवा कोबीचा अर्धा गड्डा पालथा ठेवायचा. चीजचा चौकोनी तुकडा आणि फळाची फोड ओवलेल्या काड्या त्यात टोचायच्या की काटे तयार. जर्मनीत त्याला 'केझेइगेल' म्हणतात. तिथे चीजसोबत बहुधा द्राक्षे असतात. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात अननसाने मान पटकावला.

अशी खाद्यसोंगे त्याआधीही होती. हॅना ग्लास यांच्या १७४७च्या इंग्रजी पाकपुस्तकात वाटलेल्या बदामाचा हेजहॉग आहे. त्याचे काटेही बदामाच्या कापांचे. पण तेवढे बदाम आणि साखर घालायची ऐपत मोजक्याच घरांत होती. चीजचा हेजहॉग मात्र मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचला. तो तिथे कसा आला, हे समजायला युद्धकाळाकडे वळावे लागते.

मे १९४१मध्ये ब्रिटनमध्ये चीजचे रेशनिंग सुरू झाले. सुरुवातीला माणशी आठवड्याला एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. पुढे प्रमाण कमी-जास्त होत राहिले. बराच काळ ते दोन औंसांच्या आसपास होते. दूध प्रामुख्याने एकाच धाटणीच्या 'सरकारी चेडर'साठी वळवल्यामुळे अनेक प्रादेशिक चीज जवळपास नाहीशी झाली. ही नियंत्रणे उठायला १९५४ उजाडले. १९७५मध्ये चाळिशीत असलेल्या यजमानीणबाईंची लहानपणाची आणि तरुणपणाची बरीच वर्षे या रेशनमध्ये गेली होती. पाहुण्यांसमोर चीज असे उधळून मांडण्यात त्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करता येते.

अननसाची गोष्ट याहून लांबची. फळ मूळचे दक्षिण अमेरिकेचे. 'अननस' हा शब्दही तिथलाच. पोर्तुगिजांसोबत तो आपल्याकडे आला आणि मराठीत रुळला. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत या फळाची नोंद केली आहे. फिरंग्यांच्या बंदरांतले हे फळ आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते, असे तो लिहितो. पुढे अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ते काचघरात वाढवावे लागे. किंमत इतकी, की मेजवानीत नुसते मिरवण्यासाठी अननस भाड्याने आणला जाई. ते सामान्यांपर्यंत पोहोचवले पत्र्याच्या डब्याने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनला जाणारे बरेच डबे मलाया आणि सिंगापूरचे असत. तिथे रबराची झाडे हाती येईपर्यंत मधल्या जमिनीत अननस लावला जाई. म्हणजे वसाहतीतल्या मजुरांच्या घामावर हे फळ स्वस्त झाले.

१९७७मध्ये माइक ली यांच्या 'अबिगेल्स पार्टी' या नाटकाने अशा पार्ट्यांची खिल्ली उडवली. त्यानंतर चीज-अननसाच्या काड्या म्हणजे नवमध्यमवर्गाच्या भोंगळ अभिरुचीची खूण, असे मानले जाऊ लागले. पण अभिरुचीला हसणारे बहुधा भूक विसरलेले असतात. ज्या पिढीला चीज तोलून मिळाले, तिने ते एक दिवस काड्यांना टोचून खेळणे बनवले. एकेकाळी भाड्याने मिरवले जाणारे फळही त्याच काडीवर ओवले. त्या ताटात थट्टा जेवढी होती, तेवढाच टंचाई संपल्याचा निःश्वासही होता.