तेलाचा पापुद्रा

काही वर्षांपूर्वी पोलादपूरहून महाबळेश्वरी जात असता आंबेनळी घाटात आमच्या मोटारीच्या बुडाला एक दगड खाडकन् लागला. मोटार मित्राची होती आणि तोच ती चालवीत होता. थोड्या वेळाने समोर तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला. “एवढा चढ संपू दे, मग पाहू,” असे मित्र म्हणाला आणि मीही मान डोलावली. दोनएक किलोमीटर गेल्यावर आतून कोणी हातोडी मारावी तसा ठोका ऐकू येऊ लागला. तो वाढत गेला, आणि चालते इंजिन एकाएकी जाम होऊन बसले.

मोटार ओढून खाली आणली. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून दाखविले. चेंबर फुटून तेल केव्हाच सांडून गेले होते. क्रँकशाफ्टचे पोलाद तापून निळेकाळे पडले होते आणि बेअरिंगवरचा मऊ धातू बोटाने लोणी फासावे तसा फासला गेला होता. “साहेब, दिवा लागल्याबरोबर चावी फिरवली असती तर नुसत्या चेंबरवर भागलं असतं,” एवढेच तो म्हणाला. त्या दोन किलोमीटरांची किंमत मित्राला एका नव्या इंजिनाइतकी पडली. यात माझ्या मान डोलावण्याचा वाटा किती, हे त्याने कधी बोलून दाखविले नाही.

फिरत्या आसाला तेल लागते हे ज्ञान नवे नव्हे. आपल्याकडचा गाडीवान बैलगाडीला वंगणाची नळी टांगून ठेवीत असे, आणि चाक करकरू लागले की खाली उतरून आधी ते वंगीत असे. परंतु तेल तेथे नेमके करते काय, हे मात्र आगगाड्या धावू लागून अर्धशतक उलटले तरी कोणाला नीट ठाऊक नव्हते. तेलाने धातू गुळगुळीत होतो आणि म्हणून घसरतो, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

ती समजूत मोडली एका भोकामुळे. लंडनमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बोशँप टॉवर या अभियंत्याकडे सोपविले होते. आगगाडीच्या आसासारखा चार इंच व्यासाचा एक आस त्याने तेलात अर्धवट बुडवून फिरत ठेवला, त्यावर पितळेचे बेअरिंग बसविले आणि त्यावर वजन दिले. पुढे वरून तेल सोडण्यासाठी त्याने त्या पितळेला भोक पाडले. यंत्र पुन्हा सुरू केले तो काय, तेल खाली जाण्याऐवजी भोकातून वर येऊन सांडू लागले! टॉवरने भोकात बूच मारले, ते निघाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर आली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्याही पलीकडे गेला. ही हकीकत त्याने १८८३ च्या अहवालात नोंदविली आहे. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने तिचे गणित मांडले. फिरता आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, ते अरुंद होत जाणाऱ्या फटीत पाचरीसारखे शिरते, आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. सारा भार केसाहूनही बारीक अशा तेलाच्या पापुद्र्यावर असतो.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे आमच्या मोटारीचे काय झाले ते कळते. तेल संपताच पापुद्रा फाटला. धातू धातूवर घासू लागला. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये ज्याच्या वापराचे पेटंट घेतले तो कथिलाचा मऊ मिश्रधातू बेअरिंगवर लावण्याची चाल पडली, ती आस खरवडला जाऊ नये म्हणून. पण हा धातू सुमारे २४० अंश सेल्सिअसलाच वितळू लागतो, आणि कोरड्या घर्षणाला तेवढी उष्णता निर्माण करावयास फार वेळ लागत नाही.

बर्मिंगहॅमच्या बेलिस आणि मॉर्कम कारखान्यातील अल्बर्ट पेनने १८९० मध्येच वाफेच्या इंजिनासाठी पंपाने दाब देऊन तेल पुरविण्याची युक्ती काढली होती. तरीही १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत तेलाचा पंप नव्हता. तेलात फिरणारे फ्लायव्हील तेल उडवी, ते एका नळीने पुढच्या टोकाला जाई, आणि परत येताना वाटेतल्या खळग्यांत साठे. कनेक्टिंग रॉड त्यांत बुडून ते सर्वत्र शिंपडीत. तेल किती उरले हे पाहावयाचे तर गाडीखाली शिरून दोन तोट्या उघडून पाहाव्या लागत. सपाट रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चाले. उभ्या चढणीवर मात्र तेल मागे जाई आणि पुढचे बेअरिंग कोरडे पडे. त्यामुळे डोंगराळ मुलखात ते आधी जळे. पंप आले तेव्हाही ही अडचण पुरती संपली नाही, कारण पंपाच्या तोंडाशी तेल असेल तरच तो ते देणार!

रस्त्यावरच्या माणसाला निदान थांबता येते. समुद्रावर उडणाऱ्या विमानाला ती सोय नाही. १५ मे १९३५ रोजी ‘सदर्न क्रॉस’ हे तीन इंजिनांचे विमान टपाल घेऊन ऑस्ट्रेलियाहून न्यूझीलंडला निघाले होते. चालक चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ, जोडीला पी. जी. टेलर, आणि बिनतारी यंत्रावर जॉन स्टॅनेज. वाटेत मधल्या इंजिनाच्या धुराड्याचा तुकडा उडून उजवा पंखा मोडला, म्हणून ते इंजिन बंद करून त्यांनी विमान मागे वळविले. मग डावे इंजिन तेल जाळू लागले. त्याच्या तेलाचा दाब उतरत चालला. उजव्या, निकामी इंजिनाच्या टाकीत मात्र तेल पडून होते.

टेलर बूट काढून उघड्या वाऱ्यात पंखाखालच्या दांड्यावर उतरला. उजव्या इंजिनातून थर्मासच्या टोपणात तेल काढून त्याने ते आत दिले, स्टॅनेजने ते एका चामडी पेटीत साठविले, आणि मग टेलर दुसऱ्या बाजूने बाहेर पडून ते डाव्या इंजिनात ओतून आला. तो डावीकडे असेपर्यंत ते इंजिन बंद ठेवावे लागे, आणि तेवढ्या वेळात विमान समुद्राकडे उतरत जाई. पहिले तेल पडताच दाबाचा काटा वर आला; थोड्या वेळाने पुन्हा खाली. असे सहा वेळा झाले. भार हलका करण्यासाठी टपालाच्या काही थैल्याही समुद्रात टाकाव्या लागल्या. त्याच दिवशी दुपारी विमान सिडनीच्या मॅस्कॉट तळावर सुखरूप उतरले.